कमानीवरचा लाल दोरा

शांताक्का ओसरीवर तूर पाखडत बसली होती, तेव्हा शिवशंकर घड्याळवाल्याची नात अक्षरा दारात येऊन उभी राहिली. पोरगी इंजिनियरिंगला होती, सुट्टीला मुरुमला, गावी आली होती. तिनं वाकून नमस्कार केला आणि कोनाड्यातली लाल-पिवळी पत्र्याची बस बघून हरखून गेली.

तिच्या कॉलेजात प्रदर्शन होतं. सगळे सेलवरच्या, रिमोटवरच्या गाड्या मांडणार. हिला मांडायची होती चावीची बस. नुसती एक पोलादी पट्टी गुंडाळली की गाडी कशी पळते, ते लोकांना उघडून दाखवायचं होतं.

"आजोबा म्हणले, त्यांनी केलेल्या बसगाड्यांतली शेवटची तुमच्याकडंच हाय, आज्जी. त्यांनीच बिराप्पा आजोबांना दिली होती म्हणे."

शांताक्काच्या हातातलं सूप थांबलं. तिच्या नवऱ्याला, बिराप्पाला जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. शिवशंकरनं त्याचा डोळा नेला, दुकान नेलं, गिऱ्हाईक नेलं. एवढी एक बस उरली होती, ती पण आता त्या माणसाला हवी होती.

"देते की," ती म्हणाली. "उद्या दुकानात घेऊन येते. पण एक हाय बाळ. तुझ्या आजोबांनीच आपल्या हातानं उघडायची. करणाऱ्याचा हात पायजे तिला."

अक्षरा खुशीत गेली. शांताक्कानं सूप बाजूला ठेवलं आणि बस मांडीवर घेतली.

शांताक्काच्या तरुणपणी बसस्टँडसमोर बिराप्पाची घड्याळदुरुस्तीची टपरी होती आणि शिवशंकर त्याचा भागीदार. दुरुस्ती दोघं करायचे, पण खेळणी बिराप्पाची. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तो बसचं अंग करायचा आणि मोडक्या गजराच्या घड्याळातली कमान तिच्या पोटात बसवायचा. कमान म्हणजे पोलादाची लांब पट्टी. चावी फिरवावी तशी ती मधल्या दांड्याभोवती आवळत जायची, आणि खटखट वाजणारी अडकण तिला मागं फिरू द्यायची नाही. बस जमिनीला टेकवून सोडली, की आवळलेली पट्टी सैल व्हायला बघायची, आणि तिचा सगळा जोर एका दातेरी चाकातून दुसऱ्यात उतरत मागच्या चाकांपर्यंत पोचायचा. आतल्या शेवटच्या दातेरी चाकावर बिराप्पानं पत्र्याचा चिमुकला पंखा बसवला होता. वाऱ्याला अडून तो पट्टीला घाई करू द्यायचा नाही. त्यामुळं बिराप्पाची बस भुर्रकन पळून थांबत नसे. भरल्या एसटीसारखी रमतगमत जायची. जत्रेत पोरं तिच्यामागं रांगत जायची, आणि टपरीत बसलेला बिराप्पा पोरांपेक्षा जास्त हसायचा.

पण भरलेली कमान वाईट. ती उतरवल्याशिवाय पत्रा उघडला, तर सापासारखी उसळते. म्हणून टपरीचा एक नेम होता. काम अर्धवट ठेवून उठायचं झालं, तर भरलेल्या कमानीच्या चावीपाशी लाल दोरा बांधायचा. दोरा नाही, म्हणजे कमान उतरवलेली, बिनघोर उघडावी.

एका दुपारी बिराप्पा जेवून टपरीत परतला. समोर बस होती, दोरा नव्हता. डोळ्याला भिंग लावायच्या आधीच त्यानं बोटानं पत्रा धरून ठेवणारे दुमडलेले कान वाकवले. पट्टीचं टोक उजव्या डोळ्यातून आरपार ओढलं गेलं. सोलापूरच्या दवाखान्यातून तो एका डोळ्याचा होऊन आला. बारीक काम त्याच्या हातून गेलं ते गेलंच. उरलेलं आयुष्य त्यानं डाळमिलच्या फाटकावर राखण करत काढलं. शिवशंकरनं टपरी चालवली, वाढवली, पेठेत काचेचं दुकान थाटलं.

लोक म्हणाले, दोरा बांधायचा राहिला असंल. शांताक्काला ठाऊक होतं. डोळ्यावर पट्टी बांधलेला नवरा दवाखान्यात असताना ती टपरी झाडायला गेली होती. शिवशंकरच्या बसायच्या पोत्याखाली तिला दोरा सापडला. तुटलेला नव्हता. गाठ नीट सोडवलेली, दोऱ्यावर तिचा पीळ तसाच होता. तिनं नवऱ्याला दाखवला तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, जाऊ दे शांते. तो जाऊ देऊ शकला. तिला नाही जमलं. तिनं दोरा बटव्यात ठेवला, आणि बटवे बदलले तरी दोरा तोच राहिला.

आता तिनं चावी घातली आणि फिरवत राहिली. खट, खट, खट. चावी पुढं सरकेनाशी झाली तेव्हा अंबाड्यातला आकडा काढून त्याचा तुकडा मोडला आणि खालच्या भोकातून दातेरी चाकात खुपसला. बस जमिनीवर ठेवली. हलली नाही. मेलेली दिसत होती, आणि पोटात सगळा जोर तसाच कोंडलेला. शांताक्का त्या रात्री गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. शिवशंकरच्या दुकानात मोबाइलची काच बदलायला आलेल्या गिऱ्हाइकांची गर्दी होती. शिवशंकर खुर्चीत बसला होता. थकला होता, हात कापत होते, पण परीटघडीची टोपी तशीच.

"या वैनी. उन्हाचं कशाला आलाव, पोरीला धाडलं असतं."

"तुमची चीज तुमच्या हातात द्यावी म्हणलं, भावजी."

अक्षरानं मोबाइल एका डब्याला टेकवून उभा केला आणि शूटिंग चालू केलं. शिवशंकरनं बस हातात घेतली. शांताक्काची नजर त्याच्या बोटांवर होती. ती बोटं आधी चावीपाशी गेली, दोरा चाचपला. नव्हता. मग चावी फिरवून बघितली. फिरली नाही.

"गंज धरलाय आत," तो गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला. "म्या किती बशी केल्या, पण अशी एक पण अडकली न्हाय. ठेवायला नीट येत न्हाय लोकांना."

टोमणा शांताक्कानं ऐकून घेतला. ती स्टुलावर बसली, पदर सावरला. उघड, तिचं मन म्हणत होतं. उघड की.

शिवशंकरनं स्क्रूड्रायव्हर पत्र्याच्या कानाखाली घातला. हात कापला, टोक निसटलं. परत घातला, परत निसटलं. मग तो हसला आणि बस नातीकडं सरकवली.

"तूच उघड बाळ. ही कानं वाकव फक्त. आणि जरा वाकून बघ, म्हणजे आतली चाकं दिसतील."

अक्षरानं केस कानामागं सारले आणि वाकली. तिचा चेहरा बसच्या वर आला, टपरीत बिराप्पाचा आला होता तसाच. स्क्रूड्रायव्हर पहिल्या कानाखाली गेला. कान वाकला.

शांताक्कानं बटवा उघडला. घाई केली नाही. विटून गुलाबी पडलेला दोरा तिनं काचेच्या काउंटरवर, शिवशंकरच्या पुढ्यात ठेवला.

शिवशंकरनं दोऱ्याकडं बघितलं आणि पोरीचा हात असा हिसडला की स्क्रूड्रायव्हर रस्त्यावर जाऊन पडला.

"काय झालं आजोबा?"

"भरलीय," तो म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

मागची गिऱ्हाइकं पुढं सरकली.

"सांगा भावजी," शांताक्का म्हणाली. आवाज चढवला नाही. "नात इचारतीय. दोरा बघून कसं कळलं? आन् हा दोरा त्या दिवशी कुणी सोडला, ते पण सांगा. का बस तिच्याकडं परत सरकवू?"

शिवशंकरनं दोन्ही हात बसवर झाकण ठेवावं तसे ठेवले.

"म्या सोडला," तो म्हणाला. "सोलापूरच्या व्यापाऱ्याला लई बशी पायजे व्हत्या. त्यो फक्त बिराप्पालाच इचारायचा. मला वाटलं, बोट कापंल. चार दिवस बसंल घरी, तवर व्यापाऱ्याशी म्या बोलून घेतो. डोळ्याचं मनात न्हवतं, वैनी."

"आन् बशी कुणाच्या?"

"त्याच्याच. माझी एक पण न्हाय."

अक्षरा आजोबापासून मागं सरकली. एकच पाऊल, पण शिवशंकरला ते दिसलं. शांताक्कालाही दिसलं, आणि तिच्या छातीत काहीतरी निवलं.

तिनं त्याचे हात बाजूला केले, वाकलेला कान दाबून बसवला, बस काउंटरवर टेकवली आणि खालून आकड्याचा तुकडा ओढून काढला. बस गुरगुरली आणि निघाली. रमतगमत, पंख्याचा बारीक आवाज करत काचेवरून चालली, ती थेट शिवशंकरच्या मुठीला जाऊन टेकली. चाकं फिरतच राहिली. त्यानं मूठ काढली नाही. सगळी कमान उतरेपर्यंत ती चिमुकली बस त्याला ढकलत राहिली.

"वैनी, माफ..."

"ते राहू द्या," शांताक्का म्हणाली.

अक्षरानं मोबाइल उचलला. शूटिंग अजून चालूच होतं. हे पुसून टाकू का, असं तिनं हळूच विचारलं.

"का पुसायचं? बस ने तुझ्या कॉलेजात. बिराप्पाचं नाव लिही. आन् आजोबाला संगं ने. बसपाशी खुर्ची टाकून बसवायचं. येईल त्यानं इचारलं, कुणी केली, तर त्येंनीच सांगायचं. दर एकाला. न्हाय सांगितलं, तर मोबाइल दाखवायचा."

शिवशंकरनं मान हलवली. टोपी सरकून कपाळावर आली होती, ती त्यानं नीट केली नाही.

शांताक्कानं दोरा उचलून बसच्या चावीला बांधला. कमान उतरली होती, दोऱ्याची आता गरज नव्हती. तरी तिनं गाठ दोनदा मारली, आणि बाजारात मिरच्या घ्यायला निघाली.