सोळा पानांची सुट्टी

यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. न बसो. ज्या बाइंडरची ही गोष्ट, तो स्वतःच अजून डोकं खाजवतोय, तिथे इतरांचं काय!

बाइंडर मोठा कसबी. जुनं पुस्तक उसवायचं, त्याचे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, सुटे करायचे, फाटके कोपरे सांधायचे आणि पुन्हा शिवून नवी पाठ चढवायची, हे त्याचं काम. नुसत्या वासावरून तो कागदाचं वय सांगे. एकदा शिंकेसरशी उडालेली तीनशे पानं त्याने जमिनीवर पडायच्या आत झेलली, तीही क्रमाने! "चाळीस वर्षांत एक पान इकडचं तिकडे नाही," हे वाक्य तो दिवसातून दोनदा, औषधासारखं, जेवणाआधी घेई.

त्याचं वैर एकाच गोष्टीशी. इन्स्पेक्टरची ती बावीस भागांची कादंबरीमालिका. सगळं गाव तिच्यामागे खुळं झालेलं, आणि घरात थोरली बहीण सगळ्यात पुढे.

"मी यांची पाठ शिवतो, तोंड बघत नाही," बाइंडर म्हणे.

"म्हणूनच तुला कळत नाही, शहाण्या," ताई पान उलटत म्हणे. वीस वर्षं हेच चाललेलं.

मग ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दहा दिवस वाचायला बंदी केली.

"सातवा भाग वाचून दाखव."

"त्यापेक्षा माझ्या कानात बाइंडिंगचा सरस ओत."

"ओतते. आधी वाच."

दुपारी काम बाजूला सारून तो वाचायला बसला. जांभया देत शंभर पानं गेली. एकशेबाराव्या पानावर इन्स्पेक्टरला पुलावर गोळी लागली. डॉक्टरांनी नाडी बघितली, मान हलवली, टोपी काढली. संपला! बाइंडर समोरच्या पानावर आला. इन्स्पेक्टर पायपुसण्यावर बूट पुसून स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "सूप गार झालं का?"

"दोनदा गरम केलं," बायको म्हणाली.

बाइंडर अडखळला. पण पुस्तकात कोणीच दचकलं नव्हतं. इन्स्पेक्टर सूप प्यायला, घड्याळाचा काटा नीट केला, बायकोशी खिडकीच्या पडद्यावरून भांडला. सोळा पानं असं निवांत चाललं. आणि एकशेएकोणतिसाव्या पानावर त्याची शोकसभा!

"ताई, हा मेला ना गं?"

"मेला."

"मग सूप कोण प्यायलं?"

"वाच पुढे."

बाइंडरच्या अंगावर काटा आला. मेलेल्या माणसाला सोळा पानांची सुट्टी! तो घरी येतो, कोणी काही विचारत नाही, आणि मुकाट्याने परत जातो. असं लिहिणाऱ्याला आपण वीस वर्षं नावं ठेवली?

सकाळी त्याने लायब्ररी गाठली. चारचौघांत म्हणाला, "बाई, चुकलो मी. मालिका थोर आहे. ते मेल्यावरचं सूप म्हणजे कमाल!"

लायब्ररीच्या बाई गोंधळल्या. "काका, सूप चौथ्या भागात आहे. सातव्यात तो मेला की मेलाच. आठव्यात त्याचा जुळा भाऊ येतो."

"जुळा भाऊ?" बाइंडरचं तोंड कडू झालं.

बाईंनी लायब्ररीची प्रत काढली. एकशेतेराव्या पानापासून सोळा पानं खलनायकाचं भाषण. बाइंडरने उभ्या उभ्या वाचलं आणि त्याला ती मालिका पुन्हा पूर्वीइतकीच टाकाऊ वाटली.

"शनिवारी ताईंना भेटायला येतेय," बाई हसून म्हणाल्या. "सूपाची गंमत सांगते त्यांना."

घरी येऊन त्याने ताईची प्रत उघडली. एकशेतेराव्या पानाच्या तळाशी मुंगीएवढे आकडे होते: भाग चार, फर्मा आठ. दोरा त्याचाच, निळा. पाच वर्षांपूर्वी ताईचे दोन्ही भाग त्याने एकाच दिवशी, एकाच टेबलावर उसवले होते. पानांचे आकडे जुळले, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. चौथा भाग उघडला, तर तिथे इन्स्पेक्टर सूपाला बसायचा तिथे खलनायक भाषण ठोकत होता.

बाइंडर स्टुलावर बसला. आपल्याला आवडलं ते काय? मालिका? की आपलीच चूक? फर्मा बदलावा तर इन्स्पेक्टरची सुट्टी रद्द. न बदलावा तर शनिवारी ताईला कळणार, आणि चाळीस वर्षांचं ते वाक्य जन्मभर गिळून बसावं लागणार. शिवण उसवायची आरी हातात घेतली, ठेवली, पुन्हा घेतली.

शेवटी त्याला युक्ती सुचली. बाई यायच्या आत त्या सूपाला आगापिछा चिकटवायचा, म्हणजे ताईला ते सातव्या भागातलंच वाटेल.

"ताई, सातवा भाग पुन्हा वाचू?"

"तू? आपणहून?" ताई उशीला टेकून बसली.

एकशेबारावं पान आलं. डॉक्टर टोपी काढतात तिथपर्यंत बाइंडरने इमानदारीत वाचलं. मग घसा खाकरून, पानावरची नजर न हलवता, तो पुढे सुटला: "...पण डॉक्टरांच्या हातात लोकरीचे मोजे होते, त्यामुळे नाडी लागली नाही! गोळी अडली होती खिशातल्या चमच्याला. इन्स्पेक्टर पुलावरून घसरला तो थेट एका माशाच्या पाठीवर. मासा चांगला बैलाएवढा! त्याने त्याला दारापर्यंत सोडलं, आणि शोकसभा ठरली होती ती त्याच नावाच्या दुसऱ्या..."

"खोटं!" ताई ओरडली. "साफ खोटं! मासाबिसा काही नाही त्यात. तिथे चौथ्या भागाचा फर्मा शिवलायस तू, पाच वर्षं झाली! त्याच्यासाठीच तर सातवा भाग परत परत वाचते मी. आरी ठेव खाली, आणि सूपापासून वाच."