माजघरातलं मत

चौलच्या बाजूला सुपारीच्या वाडीत हिरामणचं घर आहे. लोकसभेची निवडणूक लागली की त्याची ओटी पक्षाच्या माणसांनी भरून जाई. हिरामण गावचा बूथप्रमुख. मतदारयादी पुढ्यात घेऊन तो एकेका नावावर बोट ठेवी. "हे आपलं. हे पलीकडचं. हे अजून डळमळतंय, भेटून यायला हवं." स्वतःच्या घरापाशी मात्र त्याचं बोट थांबतही नसे. "आमची चार. ती धरूनच चाला."

ही चार म्हणजे तो स्वतः, बायको नूतन, पनवेलला नोकरीला असलेला मुलगा प्रितम आणि सत्त्याऐंशी वर्षांची आई कृष्णाबाई. बाकीच्या तिघांना कधी कोणी विचारलं नव्हतं. त्यात काही वावगं आहे असं हिरामणच्या मनातही आलं नव्हतं. आपल्यातल्या कितीतरी घरांत असंच चालतं.

पंच्याऐंशीच्या वरच्या माणसांना घरी बसून मत देता येतं हे कळल्यावर हिरामणनेच आईचा फॉर्म भरून दिला. म्हातारीला उन्हातून शाळेपर्यंत न्यायला नको, आणि मत आपल्या डोळ्यांदेखत पडेल, अशी दोन्हीकडून सोय.

मतदानाच्या आठवडाभर आधी, सकाळी दहाच्या सुमारास निवडणूक कार्यालयाचं पथक दारात आलं. त्यात रचना मॅडम होत्या, एरवी रेवदंड्याकडच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या. सोबत एक सहायक, एक पोलीस आणि चित्रीकरण करणारा माणूस. विरोधी पक्षाच्या वतीने पाहायला शेजारचा सदा आला होता, तो ओटीवरच टेकला. कृष्णाबाईंनी पहाटेच आंघोळ करून देवपूजा उरकली होती. धुवट लुगडं नेसून त्या वाट बघत बसल्या होत्या.

माजघरात नूतनच्या शिवणयंत्रावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला. रचना मॅडमनी मतपत्रिका दिली, खूण कुठे करायची, घडी कशी घालायची ते समजावलं. कृष्णाबाई उठल्या तसा हिरामणने त्यांच्या कोपराला हात दिला आणि तोही आडोशाकडे निघाला.

"काका, तुम्ही थांबा," रचना मॅडम म्हणाल्या.

"मी सोबत आहे तिच्या. तिला नीट दिसत नाही."

"सोबती घेता येतो. दृष्टी नसेल, अंगात ताकद नसेल तर तशी सोय आहे. पण ते आजींनी सांगायला हवं. आजी, तुम्हाला दिसतं का?"

"दिसतं की," कृष्णाबाई म्हणाल्या. "कॅलेंडरवरची तिथी या घरात मीच बघते. चतुर्थी कधी, एकादशी कधी, ते हा मलाच इचारतो."

"मग सोबती हवा का?"

"न्हाय. एकटीनंच देते."

हिरामणला वाटलं, आईला प्रश्नच कळला नसेल. ओटीवरून सदाचा आवाज आला, "हिरामणदादा, आम्ही गावभर फिरतोय आणि तुमचं घरातलंच बूथ फुटलं की!"

हिरामणच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. तो आईच्या कानाशी वाकला. "आये, लोकांसमोर माझी शोभा करू नको. आजवर तू कधी असं केलं नाहीस."

"न्हाय केलं," कृष्णाबाई शांतपणे म्हणाल्या. "लगीन होऊन आले तवापासून तुझा बाबा सांगायचा त्या चित्रावर शिक्का मारला. तो गेला, मग तू सांगितलंस त्या बटणावर बोट ठेवलं. पूजेला बसले की मी तुझ्या बाबाच्या हाताला हात लावायचे. संकल्प त्याचा, पाणी त्याच्या हातावरनं. देवापुढं तशी रीत हाय, ती मी पाळली. पण हिरामण, माझी एकादशी कधी तुझ्या बाबानं धरली का? माझ्या पोटाचा उपास मलाच करायला लागला. मग माझं मत तेवढं तुम्ही कसं देता रं?"

दारात उभ्या असलेल्या नूतनने पदर तोंडाला लावला. ती हसतेय की आणखी काही, हिरामणला कळेना.

"पक्ष म्हटला की शिस्त आली," तो रचना मॅडमकडे वळून म्हणाला. "तुम्ही शिकवताच की. दिल्लीत खासदारालाही व्हिप असतो. पक्ष सांगेल तसंच त्याला मत द्यावं लागतं."

"खरं आहे काका. सरकार टिकवायचं का पाडायचं, असा प्रश्न लोकसभेत आला की पक्ष व्हिप काढतो. खासदार पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला असतो, म्हणून. पण तोच खासदार राष्ट्रपती निवडताना मत देतो, तेव्हा त्याच्यावर व्हिप चालत नाही. तिथे मतपत्रिका गुप्त. कोणाला दिलं, हे त्याच्या पक्षालाही दाखवायचं नाही." त्यांनी कृष्णाबाईंकडे पाहिलं. "खासदाराला तेवढी मोकळीक, आणि ज्यांच्या मतावर तो दिल्लीला जातो त्या आजींवर मात्र व्हिप?"

तीस वर्षं हिरामण सभांमधून लोकशाहीवर बोलत आला होता. मतदार राजा, हे शब्द त्याच्या तोंडून किती वेळा गेले असतील! आणि घरातल्या राजाला त्याने कोपराला धरून आडोशापर्यंत आणलं होतं.

त्याने आईच्या कोपरावरचा हात काढला आणि ओटीवर जाऊन बसला.

सदाने सरकून त्याला जागा करून दिली. आत बराच वेळ लागला. घडी घातलेली मतपत्रिका लिफाफ्यात गेली, लिफाफा चिकटवला गेला, कृष्णाबाईंनी एकेक अक्षर जुळवत कागदावर सही केली. पथक चहाला नको म्हणून पुढच्या घराकडे निघालं.

दुपारी पानं वाढली तरी हिरामणला राहवेना. "आये, एवढं सांग. कुणाला दिलंस?"

"कशाला रं? तुझ्या पक्षाला दिलं असं कळलं तर चार दिवस लाड करशील. दुसऱ्याला दिलं असं कळलं तर रुसून बसशील. त्यापरास ठाऊकच नको. मी तुझी आई हाय, तेवढी ऱ्हाऊ दे. भात घे."

हिरामणने मान खाली घालून भात कालवला. गुप्त मतदान म्हणजे सरकारी कागदावरचा नियम, असंच तो आजवर समजत होता. एका छपराखाली राहणाऱ्या माणसांचं नातं त्या नियमानं जपलं जातं, हे आज पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं.

संध्याकाळी पक्षाच्या कार्यालयातून फोन आला. घरची मतं किती धरायची?

"माझं एक धरा," तो म्हणाला. "बाकीच्यांना मी विनंती करीन. जशी गावाला करतो तशी."

पक्ष हवेत. ते नसतील तर विखुरलेल्या माणसांचं म्हणणं संसदेपर्यंत पोचवणार कोण? पक्षाने दारात यावं, हात जोडावेत, आपलं म्हणणं पटवावं, तो त्याचा हक्कच आहे. पण मत देण्याच्या घडीला माणसाने आपल्या मनाशी एकटं असावं. नवऱ्याने, मुलाने, भावकीने तिथे वाकून पाहू नये. स्त्री नेमाने व्रत धरते ते तिचं असतं. मतही तिचंच असू द्यावं. देशाचा कारभार ज्या विश्वासावर चालतो, तो आपल्या उंबऱ्याच्या आत आधी पाळला गेला पाहिजे.

मतदानाच्या दिवशी हिरामण आणि नूतन शाळेत गेले. बायकांची रांग वेगळी होती. रांगेकडे वळताना नूतन नेहमीच्या सवयीने थांबली आणि हळूच म्हणाली, "अहो, कुठलं बटण?"

हिरामणच्या ओठांवर चिन्हाचं नाव आलं होतं. ते त्याने गिळलं.

"मला नको विचारूस," तो म्हणाला. "आणि नंतर मी विचारलं, तरी सांगू नकोस."

नूतनने पदर सारखा केला. मग ती आत गेली. दर वेळी पाच मिनिटांत बाहेर येणारी नूतन त्या दिवशी बराच वेळ आतच होती, आणि हिरामण चिंचेच्या सावलीत तिची वाट बघत उभा होता.