ठाण्याच्या ओट्यावरचा बाक

मी बाक बोलतोय. सातपुड्यातल्या एका पोलीस ठाण्याच्या ओट्यावरचा. जंगलातला चोरटा साग पकडला गेला, खटला निकाली निघाला आणि त्याच फळ्यांतून सुतारानं मला ठोकला. रडगाणं गायची मला सवय नाही. तरी एवढं सांगतो.

हवालदार दलसिंग डोंगरातलाच. गाऱ्हाणं घेऊन कोणी आलं की माझ्यावर त्याच्या शेजारी बसायचा. शहाद्याकडचा नवा शिपाई उमाकांत त्याच्या हाताखाली शिकायला आला.

"दादा, आत खुर्ची शे ना," तो म्हणाला.

"खुर्चीत ऐकू कमी येतं. आणि आधी पाडा विचार, मग नाव. आमचं गाव म्हणजे तुझी शहाद्याची गल्ली नव्हे, एका हाकेत सगळे बाहेर यायला!"

उमाकांत हसला. वहीत मात्र लिहिलं नाही.

एका दुपारी दलसिंग बंदोबस्ताला गेला होता. कमलीबाई धापा टाकत आली. मराठी तिची मोडकीतोडकी. "साहेब, मुकादम माझी पोर नेतो मजुरीला. रमिला. चौदा वर्षं. सांजेला ट्रक सुटेल."

उमाकांत पोरगा वाईट नव्हता. त्यानं तिला पाणी दिलं. नाव, वय, गाव, सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं. पाडा विचारला नाही. ती जीपकडे धावली, तर तिला माझ्यावर बसवून, पोरीला आणायचं वचन देत म्हणाला, "माय, तू आठेच बस. आम्ही लई येतस तुन्ही पोरले."

डोंगरात एका गावाचे सात पाडे, सात टेकड्यांवर. जीप सडकेलगतच्या पाड्यात गेली. कमलीबाईचा पाडा दरीपलीकडे, दोन तासांच्या चढावर. उमाकांत आणि सोबतचे चढून पोचेतो ट्रक पलीकडच्या कच्च्या रस्त्यानं गेला होता. वायरलेस झाला, पण नवापूरच्या पुढे माग लागला नाही.

तोवर ती माझ्यावर बसून होती. दोन्ही हातांनी माझी कड घट्ट धरून. जीप आली. तिनं मागच्या सीटवर पाहिलं, मग सीटखाली वाकून पाहिलं.

दलसिंग परतला. ओरडेल असं मला वाटलं. त्यानं एवढंच विचारलं, "हिला सोबत का नाही नेलीस?"

उमाकांतनं वहीत तिच्या नावाआधी पाडा लिहिला.

दोन वर्षं झाली. दलसिंग निवृत्त झाला. दर बाजाराला कमलीबाई येते, विचारते, "रमिला?" उमाकांत नाही म्हणून मान हलवतो. परवा नव्यानं आलेल्या शिपायानं विचारलं, "दादा, ह्या बाईनं काय काम शे?"

"तिनं काम नई, मन्हं काम शे," उमाकांत म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला.

आता लोखंडी खुर्च्या आल्यात. माझा पाय मोडलाय, उद्या मला मागे टाकतील. टाका. पण नव्या पोरांनो, कायदा पाठ व्हायच्या आधी एवढं शिका. माणूस धावत आलं तर त्याला बसवून जाऊ नका. त्याला पुढच्या सीटवर घ्या. वाट त्यालाच ठाऊक असते.