आठ मीटर खराब माल

नवागामच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूम सुरू झाले की माणसाची जीभ बिनकामाची. त्या खडखडाटात कारागीर हातांनीच बोलतात. चहा, पाणी, बिडी, शिवीसुद्धा. म्हणून लोटूची जीभ जड पडली तरी कुणाला कळलं नाही.

त्याची बायको कलाबाई कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरत होती. खात्यावर देखरेख करणाऱ्या धर्मेंद्र मास्तरनं तिला बोलावून लोटूच्या लूमवरचं कापड दाखवलं. ताण्याचा एक धागा तुटलेला, कापडात उभी फट पडत गेलेली. मोजून आठ मीटर.

"तेरा आदमी पी के आया है," मास्तर तिच्या कानात ओरडला.

वीस वर्षं डोळे मिटून गाठ मारणारा माणूस डाव्या हातानं धागा चाचपत होता. तोंड एका अंगाला ओघळलेलं. कलाबाईनं दोन्ही हात वर करून खूण केली. त्याचा एकच वर गेला.

ती त्याला रिक्षात बसवू लागली तसा दीर हेमराज आडवा आला. "वहिनी, वारं गयं दादावरतीन. सांजनी गाडीमा गावले लई जाऊत. भगत उभा करस."

"तुन्हा भगतनी मन्हा बापले सात वरीस खाटलावर ठेवं. सरक."

"दवाखानामा गया ते मानूस मरस."

"मरस. कारन तुम्ही आठ दिन भगतकडे काढीसन मंग त्याले नेतस."

राग तिला लोटूचाही होता. बीपीच्या गोळ्या देव्हाऱ्यात पडून. बरं वाटतंय म्हणून यानं सोडलेल्या. बरं वाटतं ते गोळ्यांनीच, हे त्या बैलाला कोण सांगणार?

दवाखान्यात डोक्याचा फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, "गुठळीनं नळी बंद झालीय. झटका येऊन साडेचार तास झाले नसतील तर इंजेक्शन देता येतं, नंतर दिलं तर जिवावर बेतेल. हे अगदी धडधाकट असे शेवटचे कधी होते?"

"आत्ताच," हेमराजनं ठोकून दिलं.

"गप रे," कलाबाई म्हणाली. "साहेब, धागा तुटला की ते लगेच बांधतात. आज आठ मीटर बांधला नाही. लूम तासाला चार मीटर विणतो. म्हणजे दोन तास, अन् इथं यायला एक. त्याच्या आधीचं कापड साफ होतं, मी हात फिरवून पाह्यलंय."

डॉक्टरांनी तिच्याकडं एकदा पाहिलं अन् इंजेक्शन आणायला नर्सला हाक मारली.

महिन्यानं लोटू भिंत धरून चालू लागला. त्याच्या लूमवर दुसऱ्याच दिवशी दुसरा माणूस उभा केला होता. खराब माल मास्तर त्यांच्या दारात टाकून गेला. कलाबाईनं तो उसवून धागे काढले. रोज सकाळी ती गोळी डोळ्यांदेखत गिळायला लावते, मग धाग्याची दोन टोकं त्याच्या उजव्या हातात देते.

"बांधा."

गाठ सुटते.

"नही व्हत," लोटू जड जिभेनं म्हणतो.

"आठ मीटर बाकी शे," कलाबाई म्हणते. "बांधा."