डावी विंग

“आता रुमाल काढणार बघ,” मेकअपवाला तिच्या कानाशी पुटपुटला. “खिसा आधीच चाचपून ठेवलाय त्याने.”

मंचावर नाटकाचा नायक बोलत होता. त्याने खरोखरच रुमाल काढला. मेकअपवाल्याने समाधानाने मान हलवली आणि मग स्वतःच बाहीला डोळे पुसले.

शोकसभा नाटकाच्याच हॉलमध्ये होती. मंचावर मधोमध खुर्ची, खुर्चीवर आबांचा फोटो. फोटोतही मिशी चिकटवलेलीच. बिनमिशीचा आबा कोण ओळखणार? तिशीत असल्यापासून ते म्हातारेच होते. कुणाचे वडील, कुणाचे मामा, घरचा जुना नोकर, रिटायर मास्तर. नायक बदलले, नायिका संसाराला लागल्या, आबा आपले होते तेवढेच म्हातारे राहिले. त्यामुळे ते खरेच म्हातारे झाले, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिच्या आलं. ती प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत, पडद्याच्या घडीआड स्टूल टाकून बसायचं आणि नट अडला की पुढचे शब्द हळूच द्यायचे, एवढंच तिचं काम. कंपनीत सगळे तिला कुजबुजताई म्हणत. जन्म कुजबुजण्यात गेल्यामुळे तिचा आवाज बाहेरही तेवढाच निघायचा. दुकानदार तिला हमखास “काय?” म्हणून पुन्हा विचारायचा.

“आणि आबांचा तो पॉज!” नायक म्हणाला. “मुलगी घर सोडून निघालीय. बाप काही बोलत नाही. नुसती मान डावीकडे वळवतो, अंधारात बघत राहतो. आणि मग म्हणतो, ‘तू जा. दार मी लावून घेतो.’ लोक श्वास रोखून बसायचे. मी एकदा विचारलं, आबा, त्या अंधारात काय दिसतं हो तुम्हाला? नुसते हसले.”

हॉलभर हळहळ झाली.

आबांना काय दिसायचं ते तिला ठाऊक होतं. ती दिसायची.

पहिल्यांदा ते वाक्य विसरले तेव्हा बाजारात आईचा हात सुटलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला होता. तिने “तू जा” म्हटलं. दोनच शब्द. प्रॉम्प्टरने जास्त द्यायचे नसतात, नटाच्या मनाला ते लागतं. पुढचं आबांनी उचललं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रयोगानंतर मिशी सोलत ते विंगेपाशी आले.

“लोकांना काय वाटलं गं?”

“अभिनय वाटला.”

“मग असू दे तसंच. हे तुझ्या पोटात ठेव.”

तिने ठेवलं. पुढे रोजच काहीतरी सुटायला लागलं. आधी एखादं वाक्य, मग अख्खे प्रवेश, मग तिचं नाव. मान मात्र न चुकता डावीकडे वळायची. एकदा पडदा पडल्यावर तिच्यापुढे येऊन ते अदबीने म्हणाले, “बाई, तुम्ही कोण ते आठवत नाही मला. पण तुम्ही बसलात की येतं सगळं.”

हे वाक्य कुठल्याच नाटकात नव्हतं.

आबा अंथरुणाला खिळले तेव्हा ती हॉस्पिटलमध्ये गेली होती. त्यांच्या मुलाने दारातच थांबवलं. “फक्त घरची माणसं, मावशी.” वाईट नाही बोलला, तिथला नियमच तसा होता. जरा वेळ जिन्यात बसून ती परत आली. तेव्हापासून तिला आबांच्या बायकोला, वहिनींना, एकच विचारायचं होतं, शेवटी आबांनी कुणाची आठवण काढली का. काढली नसणार. तरी विचारायचं होतं.

मध्ये चहा फिरला. आबांची भूमिका आता ज्याच्याकडे आली होती, तो नवा नट कप सांभाळत तिच्याकडे आला.

“मावशी, तो डावीकडे बघायचा पॉज तसाच ठेवलाय मी. श्रद्धांजली म्हणून.”

“वाक्य पाठ आहे ना?”

“म्हणजे काय! अख्खं नाटक पाठ आहे. तुम्ही आता खुशाल आराम करा. तुमच्या स्टुलाच्या जागी लाइटचा स्टँड लावलाय.”

“मग तिकडे बघून तुला काय दिसतं रे?” मेकअपवाल्याने विचारलं.

“लाइट. डोळ्यांत पाणी आपोआप येतं.”

ती उठली आणि पहिल्या रांगेत वहिनींच्या शेजारी जाऊन बसली.

“जेवताय ना वहिनी?”

“जेवतेय की. जेवायला काय होतंय.”

“शेवटी... काही बोलले का?”

“कुठलं बोलणं!” वहिनींचा आवाज पार कोरडा झाला होता. “आम्ही सगळे उजव्या हाताला, खुर्च्या तिकडेच होत्या ना. आणि हे सारखे डावीकडे मान करून. म्हटलं, अहो, इकडे बघा, मी इथे आहे. छे! तिकडेच बघायचे, ओठ उघडायचे, वाट बघितल्यासारखं करायचे, पुन्हा मिटायचे. तिकडे नुसती भिंत हो. एवढा संसार केला आणि भिंतीकडे बघत गेला माणूस. काय असेल त्या भिंतीत?”

सांगितलं असतं तर वहिनींची ती भिंत पडली असती, पण भिंतीच्या जागी एक बाई येऊन बसली असती.

“काही नसेल. मान अवघडली असेल.”

“हो, उशी कडकच होती,” वहिनी म्हणाल्या.

नायकाने माइकवरून सगळ्यांना उभं राहून शांतता पाळायला सांगितलं. खुर्च्या वाजल्या, कुणी खोकलं, कुणाचा तरी फोन घाईघाईने बंद झाला. मग हॉल गप्प झाला. शांतता लांबत गेली. मंचावरून आबा बघत होते आणि काहीच बोलत नव्हते. कुणी एवढं अडलं की तिच्याने कधी राहवलं नव्हतं.

“तू जा,” ती म्हणाली.

हळूच म्हणाली, पण त्या शांततेत ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. मागून कुणीतरी “श्शू” केलं. वहिनींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. शब्द देऊन झाले की थांबायची तशी ती फोटोकडे बघत थांबली होती.

पुढचं कुणी उचललं नाही.