बिस्किटं नव्हे, उंदरांचं खाणं

मित्रांनो, माझ्या अंगावर अजून 'बिस्किटं' असं लिहिलेलं आहे, त्यावर जाऊ नका. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा चांगला चकचकीत होतो. बिस्किटं संपली आणि उंदरांच्या खाण्याच्या गोळ्या पोटात घेऊन मी प्रयोगशाळेत नोकरीला लागलो.

सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखी, म्हणजे बायकांच्या शरीरातल्या संप्रेरकासारखी, वागणारी द्रव्यं असतात. ती मेंदूला फिटपासून वाचवतात का, हे आमच्या बाईंना शोधायचं होतं. त्यांच्या भाचीला फिट येत, म्हणून या कामात त्यांचा जीव गुंतलेला. अर्ध्या उंदरांना माझ्यातल्या गोळ्या आणि वर सोयाबीनचा अर्क मिळे. उरलेल्यांना नुसत्या गोळ्या. पण निकाल बघावा तर दोन्हीकडे सारखाच! फिट याव्यात म्हणून औषध टोचलं, तरी त्या कुणालाच फारशा येईनात. बाईंनी कपाळाला हात लावला.

एके दिवशी मोठे सर काम बंद करायला आले.

"अर्क घेणारे आणि न घेणारे सारखेच. मग अर्काचा उपयोग काय? आवरा आता," असं म्हणत त्यांनी माझं झाकण उघडलं, एक गोळी चहात बुडवली आणि तोंडात टाकली. मी डबा! ओरडणार तरी कसा?

"बिस्किटं सादळलीत हो बाई. आणि सोयाबीनची का आणलीत? घरी बायको रोज सोयाबीनचं दूध पाजते, इथेही तीच चव!"

"अहो सर, ते उंदरांचं..." बाई मध्येच थांबल्या. "काय म्हणालात? सोयाबीन?"

त्यांनीही एक गोळी चावून पाहिली आणि खाणं बनवणाऱ्याला फोन लावला. तो पहिल्यापासून सोयाबीनचं पीठ घालत होता! म्हणजे माझ्या कृपेने सगळेच उंदीर सोयाबीन खात होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर, सोयाबीन नसलेलं खाणं आणते. एकदाच करू द्या."

"करा," सर तोंड पुसत म्हणाले. "पण मी काय खाल्लं ते कुठे बोलू नका."

नवं खाणं आलं, नव्या डब्यातून. या वेळी फरक दिसला. अर्क घेणाऱ्या उंदरांना फिट खरोखरच कमी आल्या.

"हे अजून उंदरांपुरतंच आहे गं," बाईंनी भाचीला समजावलं. "तू आपल्या गोळ्या चुकवू नकोस."

"कुठल्या, आत्या? या डब्यातल्या?"

बाई हसता हसता रडल्या.

आता माझ्यात खरीखुरी बिस्किटं असतात, पण भाचीशिवाय कुणी हात घालत नाही. सर तर लांबूनच जातात. मित्रांनो, डबा कसलाही असो, आत काय आहे ते आधी विचारत जा. आणि विचारून झालं की एखादं बिस्किट घ्या हो. सादळतील नाहीतर.