आकार एकाचा, अंग दुसऱ्याचं

अख्खी वस्ती तिला मावशी म्हणायची, आणि मावशीचा हट्ट म्हणजे ब्रह्मदेवाच्या बापालाही न हलवता येणारा! तीस वर्षं दगडखाणीच्या पट्ट्यावर खडी निवडताना तिनं चाळीस दगड बाजूला काढले होते, एकजात सोंगाडे. दिसायला टोकदार कॅल्साइट, निघायची गारगोटी. जमिनीखालच्या पाण्यानं कणाकणानं कॅल्साइट नेलं, त्या जागी गारगोटी भरली. आकार तेवढा जुना राहिला.

लेकीला खोली रिकामी हवी होती, म्हणून मावशी तिथल्या दगडांच्या पेट्या घेऊन संग्रहालयात गेली. नवे साहेब दगड ठेवून घ्यायला तयार होते. तिला एवढंच हवं होतं: काचेमागे दगड आणि खाली तिनं लिहिलेली चिठ्ठी.

"आधी ॲसिडमध्ये टाकू," साहेब म्हणाले. "गारगोटी धुतल्याशिवाय आम्ही कपाटात ठेवत नाही."

"साहेब, सगळे पुरते बदललेले नाहीत. हा माझा सगळ्यात लाडका. वरून गारगोटी झालाय, आत अजून ॲसिडात फसफसून विरघळणारं कॅल्साइटच आहे. ह्याला आंघोळ घालाल तर नुसतं टरफल उरेल."

"अहो मावशी, तुम्ही खडी निवडायच्या. मी हे शिकून आलोय."

झालं! मावशीचं डोकं फिरलं. टेबलावरची बाटली उचलून तिनं लाडक्याच्या भेगेत ॲसिडचा थेंब सोडला. जीव तुटला तिचा, पण सोडला. भेगेतून फसफसून फेस आला आणि साहेबांचं तोंड एवढंसं झालं.

"बरं, नाही धुणार. पण नोंदवहीत खनिजाचा रकाना एकच आहे. 'गारगोटी' एवढंच लिहिता येईल. तुमच्या चिठ्ठ्या नाही लावता येणार."

"मग ह्या दगडांनी इतकं केलं ते कुणाला कळणार?"

"नियम आहे, मावशी."

"नियम घाला चुलीत!" म्हणत तिनं चाळीसच्या चाळीस दगड पेट्यांत भरले आणि हातगाडी करून परत आणले.

संध्याकाळी लेक कामावरून आली ती जिन्यातच थबकली. प्रत्येक पायरीच्या कडेला एक दगड, त्याखाली चिठ्ठी. खालच्या मजल्यावरचा शिंपी चष्मा सावरत सातवी चिठ्ठी वाचत होता. मावशी वरच्या पायरीवर ठाण मांडून बसलेली.

"आई, अगं लोक अडखळतील!"

"अडखळू देत. वाकून वाचतील तरी! आणि खोली हवी होती ना तुला? जा, घे. रिकामी आहे."